गट क्रमांक सात

खडकीच्या चर्चमध्ये अकरा वर्षं मी
शेवटून दुसऱ्या बाकावर बसलो, खांबाच्या आड,
जिथून पाळकसाहेब दिसत नाहीत, नुसते ऐकू येतात.
आशीर्वादाचं आमेन होईतो
माझी स्कूटर बोपोडीच्या सिग्नलला लागलेली असे.

मग मंडळीचे गट पाडले, राहत्या पत्त्यांवरून.
फलकावर यादी : गट सात, दापोडी.
बुधवार, संध्याकाळी साडेसात, सुवार्ताबाई वाकचौरे यांच्या घरी.
चौथं नाव माझं. शांतवन उजागरे व सौ.
त्या 'व सौ.'कडे मी बराच वेळ पाहत राहिलो.

गेलो एकटाच.
दहा बाय बाराची खोली, चार खुर्च्या, बाकी सतरंजी.
शेजारी मिक्सर सुरू झाला की प्रार्थना थांबे
आणि चटणी वाटून झाली की
थांबली त्याच शब्दापासून पुढे जाई.
सुवार्ताबाईंकडे एक वही होती, किराणा हिशेबाची,
तिच्यात विनंत्या :
मोझेस रणभिसेची नोकरी, कंत्राटी, मार्चपर्यंत.
प्रेमलाताईंचा गुडघा.
रिबेकाचं बारावीचं गणित.
तिच्या धाकट्या भावानं लिहायला लावलेलं :
बाबांनी घरी यावं.
त्यावर कुणी काही बोललं नाही,
फक्त त्याच्या पुढ्यातली बशी पुन्हा भरली.

"उजागरे, तुमची?"
"काही नाही. सर्व ठीक."
बाई तेवढंच लिहीत. सर्व ठीक.
सतरा बुधवार माझ्या नावापुढे तेच,
त्यांच्या गोल, मास्तरणीच्या अक्षरात.

अठराव्या बुधवारी गेलो नाही.
त्या दिवशी निर्मला गॅस चालू ठेवून
गॅलरीत उभी होती, कुणाची तरी वाट पाहत,
कुणाची, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

नऊला बेल वाजली.
मी ओट्यापाशी, दार तिनंच उघडलं.
बाहेर पाच माणसं, एक डबा, ती वही.
"आपण कोण?" तिनं विचारलं,
आणि मला वाटलं, झालं,
पडला खांब.

"मी सुवार्ता. तुमच्या मागच्याच गल्लीत राहते."
"आणि आपण?"
"मी मोझेस, वहिनी. भोसरीला कामाला आहे."
उंबऱ्याबाहेर उभं राहून एकेकानं सांगितलं,
जसं काही पहिल्यांदाच कुणी विचारत होतं.
पहिल्यांदाच विचारत होतं.
प्रेमलाताई सासवडच्या, हे मलाही तेव्हाच कळलं.

वहीत त्या रात्री काय लिहिलं, मी पाहिलं नाही.
डबा धुऊन ठेवला. रिकामा परत करू नये म्हणतात,
घरात शेंगदाण्यांपलीकडे काही नव्हतं.
शेंगदाणे भरले.

आता बुधवार आमच्याकडे.
दर बुधवारी ती दारात विचारते, आपण कोण,
दर बुधवारी ते सांगतात, न हसता, न घाई करता.
एप्रिलमध्ये मोझेसनं आमच्याही आधी तिला सांगितलं :
"मी मोझेस, वहिनी. सध्या घरीच असतो."
"बरं झालं," ती म्हणाली, "बसा."

जाताना चपला तीच लावून देते,
जोड्या तिच्या मनाच्या.
कुणी दुरुस्त करत नाही.
प्रेमलाताई दुखरा गुडघा धरून
एका पायात स्वतःची, एका पायात रिबेकाची घालून
तीन जिने उतरतात.

रविवारी आशीर्वादानंतर
मी हिचा हात धरून निघतो, सवयीनं, लगबगीनं,
तोच बाकांमधून वाट काढत कुणीतरी येतं,
हातात पिशवी, पिशवीत माझी डावी चप्पल.
"उजागरे, थांबा."
थांबतो.
निर्मला त्याला विचारते.
तो सांगतो.